'दाऊ' म्हणजे 'आपण' की 'तू'? एका जुन्या इंग्रजी शब्दाबद्दल

कातळफूल

मुलगी नववीत आहे. शाळेत शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट झालं आणि त्याच्या पहिल्या चार ओळी मराठीत लिहून आणायला सांगितल्या होत्या. "शॅल आय कंपेअर दी टू अ समर्स डे?" याचं तिने केलं, "आपली तुलना मी उन्हाळ्यातल्या दिवसाशी करू का?" 'आपली' का, असं विचारलं, तर म्हणाली, "दाऊ, दी, दाय हे जुने आदरार्थी शब्द आहेत. प्रार्थनेत देवालाही तेच वापरतात."

मी तिला म्हटलं की हे बरोबर उलटं आहे. दाऊ म्हणजे तू. आदराचा शब्द होता 'यू', आणि आज ज्याला आपण साधा 'यू' म्हणतो तो मुळातला 'तुम्ही' आहे. इंग्रजीतला 'तू' मेला आणि 'तुम्ही' तेवढा उरला. तिला काही ते पटलं नाही. "मग देवाला अरेतुरे करत होते का?" असं विचारून ती झोपायला गेली.

तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. हा घोळ फक्त तिचा नाही. नाटक-सिनेमात राजा, देव, भूत किंवा भविष्यवेत्ता बोलायला लागला की 'दाऊ' येतो आणि आपल्या कानाला तो भारदस्त वाटतो. १९८० साली आलेल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये डार्थ व्हेडर आपल्या सम्राटापुढे गुडघा टेकून विचारतो, "व्हॉट इज दाय बिडिंग, माय मास्टर?" म्हणजे 'काय आज्ञा, महाराज?' शेक्सपिअरच्या काळात दरबारी माणसाने सम्राटाला असं विचारलं असतं तर कान टवकारले असते, कारण त्याचा अर्थ 'तुझी काय आज्ञा?' असा झाला असता.

ज्यांना रूपं माहीत नाहीत त्यांच्यासाठी: दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझा. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दायचं दाइन होतं, आणि 'तुझं आहे' असं सुटं म्हणायचं असलं तरी दाइनच. अनेकवचनात कर्त्याच्या जागी 'यी' आणि कर्माच्या जागी 'यू'. पुढे यूने यीचीही जागा घेतली.

तुमच्या वाचनात जिथे जिथे हा शब्द आला असेल आणि तू-तुम्हीच्या फरकाने अर्थ बदलला असेल, ती उदाहरणं इथे लिहा. मुलीला वाचून दाखवणार आहे.

---

शब्दवेध

तिला आधी हे सांगा की दाऊ आणि तू हे एकाच घरातले शब्द आहेत. संस्कृत त्वम्, लॅटिन तू, फारसी तू, जर्मन डू आणि जुन्या इंग्रजीतला थू, सगळ्यांचं मूळ एक. संस्कृतात जिथे त आहे तिथे इंग्रजीत थ, असा नियमच दिसतो: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट. दाऊसारख्या आघात नसलेल्या छोट्या शब्दांत तो थ पुढे मऊ होऊन द झाला, एवढंच.

म्हणजे गणपतीसमोर बसून अथर्वशीर्षात 'त्वमेव केवलं कर्ताऽसि' म्हणताना आपण दाऊच म्हणत असतो. 'तत्त्वमसि'चं इंग्रजी भाषांतर पिढ्यान्‌पिढ्या 'दाऊ आर्ट दॅट' असंच होत आलंय, आणि ते शब्दाला शब्द बसतं. देवाला अरेतुरे करत होते का, या तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देवघरात आहे.

आणखी एक. अगदी जुन्या इंग्रजीत या शब्दात मान-अपमान काहीच नव्हता. एक माणूस असेल तर थू, अनेक असतील तर दुसरा शब्द. राजालाही थू. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंच आली. फ्रेंचमध्ये बड्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचनात बोलावत. ती रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीत रुजली. कवी चॉसरच्या लिखाणात तू-तुम्हीचा हा खेळ चांगलाच रंगलेला दिसतो.

---

मुक्ता_वाचते

हा फरक जिथे सुरीसारखा लागतो अशी माझ्या माहितीतली सगळ्यात धारदार जागा 'हॅम्लेट'मध्ये आहे. तिसरा अंक, चौथा प्रवेश. बाप मेलाय, आईने दिराशी लग्न केलंय, मुलगा बिथरलाय. आई, राणी गर्ट्रूड, त्याला दालनात बोलावून घेते. बोलणं असं सुरू होतं:

"हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड."
"मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड."

आई दाऊ म्हणते, कारण आई मुलाला तू म्हणणारच. 'तुझे वडील' म्हणताना तिच्या मनात सावत्र बाप आहे. मुलगा तेच वाक्य उचलून परत फेकतो, फक्त दाऊचा यू करतो आणि दायचा माय. आता वडील म्हणजे मेलेला राजा. मुलाने आईला यू म्हणणं तेव्हा रीतीचंच होतं, त्यात उद्धटपणा नाही. पण पुढच्या ओळीत काय होतं पाहा. आई म्हणते, "कम, कम, यू आन्सर विथ अॅन आयडल टंग." एका ओळीपूर्वी ती त्याला तू म्हणत होती, आता तुम्हीवर गेली.

आजचा इंग्रज प्रेक्षक ही जागा ऐकूच शकत नाही, त्याला कुणीतरी तळटीपेत सांगावं लागतं. मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आपल्या घरात आई खरी दुखावली की काय म्हणते? "हो, आता तुम्ही मोठे झालात, तुम्हाला आम्ही काय सांगणार?" तो तुम्ही आदराचा नसतो. मधे दार लावून घेतल्याचा तो आवाज असतो. गर्ट्रूडचा यू तसा आहे.

म्हणून मला नेहमी वाटतं की शेक्सपिअर इंग्रजीपेक्षा मराठीत वाचताना जास्त कळण्याच्या काही जागा आहेत. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणणारं 'विकारविलसित' लिहिलं तेव्हा त्यांच्या हातात ही दोन्ही सर्वनामं जिवंत होती. मूळ नाटकाच्या देशात त्यातलं एक केव्हाच गेलं होतं.

---

जुनी_वही

मराठीत 'एकेरीवर येणे' म्हणतात ना, त्याला इंग्रजीत एकच शब्द होता: दाऊ. हो, क्रियापद म्हणून. 'टू दाऊ समबडी' म्हणजे एखाद्याला अरेतुरे करणं.

१६०३ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. विंचेस्टरमध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला होता. राणी एलिझाबेथच्या काळात दरबारात मिरवलेला हा माणूस, कवी, दर्यावर्दी. नवा राजा जेम्स गादीवर आला आणि त्याच्याविरुद्ध कट केल्याचा आरोप रॅलेवर आला. सरकारी वकील होते सर एडवर्ड कोक, पुढे इंग्लिश कायद्यातलं फार मोठं नाव झालेले. भर कोर्टात ते ओरडले, "दाऊ वायपर! फॉर आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!" म्हणजे 'अरे सापा! हो, अरेतुरेच करतोय मी तुला, गद्दारा!'

यातलं मधलं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसती शिवी देऊन कोक थांबले नाहीत. मी तुझा मान काढून घेतोय हे त्यांनी मुद्दाम बोलून दाखवलं. सरदाराच्या पोशाखाच्या आत उभा असलेला माणूस त्या एका सर्वनामाने उघडा केला. रॅलेला फाशीची शिक्षा झाली, प्रत्यक्षात शिरच्छेद पंधरा वर्षांनी, १६१८ मध्ये झाला.

रंगभूमीवर हीच गोष्ट त्याआधी येऊन गेली होती. 'ट्वेल्फ्थ नाइट'चा प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ ला लंडनच्या मिडल टेंपलमध्ये, म्हणजे वकिलांच्याच वस्तीत झाल्याची नोंद आहे. त्यात सर टोबी आपल्या भित्र्या मित्राला द्वंद्वाचं आव्हानपत्र कसं लिहायचं ते शिकवतो: दोन-तीनदा त्याला दाऊ म्हण, बिघडत नाही काही. अनोळखी सभ्य गृहस्थाला तू म्हटलं की तलवार निघायला तेवढं पुरत होतं.

---

वसईची_लेक

माझ्या घरची प्रार्थना मराठीत आहे आणि शाळेची इंग्रजीत होती. त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणीच सोडवला, तोही नकळत. शाळेत "हॅलोड बी दाय नेम" म्हणायचो आणि घरी "तुझे नाव पवित्र मानले जावो". तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा. मराठी ख्रिस्ती माणसाने देवाला कधी 'आपले नाव' म्हटलेलं मी ऐकलं नाही. बापाशी बोलताना आपण म्हणायचं असतं का?

बायबलमध्ये दाऊ का आहे याचं कारण मात्र आदर किंवा जवळीक एवढंच नाही. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये नवा करार छापला तेव्हा त्याने साधा नियम ठेवला: मूळ ग्रीकमध्ये एकवचन असेल तर दाऊ, अनेकवचन असेल तर यी किंवा यू. राजा असो, भिकारी असो, देव असो की सैतान, एकटा असेल तर दाऊ. १६११ चं किंग जेम्स भाषांतर आलं तेव्हा बोलण्यातून दाऊ मागे पडायला लागला होता, पण त्यांनी टिंडलचीच वाट धरली.

त्याचा फायदा कळायला लूकच्या शुभवर्तमानातला बाविसावा अध्याय बघावा. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पेत्राला म्हणतो, शिमोना, सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. किंग जेम्समध्ये पहिल्या ठिकाणी यू आहे, दुसऱ्या ठिकाणी दी. चाळणी सगळ्या शिष्यांना लागणार आहे, प्रार्थना त्या एकासाठी झालीय, जो पहाटेच्या आत तीनदा नाकारणार आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे यू येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळं पेत्रालाच चाललंय. मराठी बायबलमध्ये तुम्हांला आणि तुझ्यासाठी वेगळं आहे, टीप लागत नाही. आमच्या आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हा फरक तिच्या कानात होता.

---

शेफील्डहून

दाऊ मेला असं सरसकट म्हणू नका. मी अकरा वर्षं साउथ यॉर्कशरमध्ये राहतेय आणि इथे तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे, फक्त 'था' झालाय. मी रुग्णालयात काम करते. पहिल्याच हिवाळ्यात एक खाणकामगार आजोबा मला म्हणाले, "सिट दिसेन डाउन, लव्ह." मला दोनदा विचारावं लागलं. दिसेन म्हणजे दायसेल्फ, तू स्वतः. बस की जरा, बाळा, असं म्हणत होते.

तोपर्यंत मलाही दाऊ म्हणजे देवळातला शब्द वाटायचा. कोळशाच्या खाणीत पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाने तो माझ्यासाठी वापरला आणि मला थेट गावाकडचे आमचे तात्या आठवले. ते कलेक्टर आला तरी "ये, बस" म्हणायचे आणि कुणाला त्यात अपमान वाटला नाही.

इथे एक म्हण आहे: "डोन्ट दी था मी, दी था दिसेन अँड सी हाउ था लाइक्स इट." मला तू म्हणू नकोस, स्वतःलाच तू म्हणून बघ कसं वाटतं ते. लहान मुलांनी मोठ्यांना था म्हटलं की हे ऐकवायचे. 'अरे'ला 'कारे' आपल्याकडेच आहे असं समजत होते मी.

साहित्यात हे बघायचं असेल तर लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'मधला गेमकीपर मेलर्स आहे. तो नॉटिंगहॅमशर-डर्बीशरकडचा. त्याला शिष्ट इंग्रजी उत्तम येतं, पण कधी बाईंना अंतरावर ठेवायला आणि कधी अगदी जवळ घ्यायला तो दी-थावर जातो. एकाच शब्दाची दोन टोकं.

---

रानपाखरू

सगळं मान्य, पण मला एक विरोध नोंदवायचा आहे. शेक्सपिअरच्या वेळचा दाऊ म्हणजे तू, ठीक. कीट्सचा दाऊ म्हणजे तू का? "दाऊ स्टिल अनरॅव्हिश्ड ब्राइड ऑफ क्वाएटनेस" ही ओळ १८१९ मधली. तोपर्यंत लंडनमधल्या माणसाने बायकोला, मुलाला, मित्राला दाऊ म्हणणं बंद होऊन पिढ्या लोटल्या होत्या. ग्रीक कलशाशी बोलताना कीट्सने तो वापरला तो जवळिकीसाठी नव्हे. रोजच्या बोलण्यापासून उंच उचलण्यासाठी वापरला. शेलीचा चंडोल घ्या, १८२० चा: "हेल टू दी, ब्लाइद स्पिरिट! बर्ड दाऊ नेव्हर वर्ट." ज्याला तू पक्षी नाहीसच म्हणून सांगितलं जातंय, त्याच्याशी सलगी कसली?

तेव्हा तुमच्या मुलीच्या कानाला जे भारदस्त वाटलं ते चूक नाही. शब्द वापरातून गेला आणि त्याच्यावर जुनेपणाची झळाळी चढली. ज्या काळातली कविता, त्या काळातला अर्थ घ्यायला हवा. अठराव्या सॉनेटपुरती तुम्ही बरोबर आहात. पण दाऊ म्हणजे तू हे सूत्र सगळीकडे लावलं तर कीट्स मराठीत आणताना हात पोळतील.

जाता जाता, त्या सॉनेटमधला उन्हाळाही आपला नव्हे. पुढच्याच ओळींत मे महिन्यातल्या कोवळ्या कळ्या आहेत. विदर्भातल्या मुलाला हे सांगितलं नाही तर 'तुझी तुलना मे महिन्याशी करू का' हे प्रेम आहे की भांडण, तेच कळायचं नाही.

---

कातळफूल

रानपाखरू, हात पोळण्याचा मुद्दा घेतला. तुमचं म्हणणं मी असं समजतेय की दाऊचे दोन जन्म आहेत. पहिल्यात तो घरचा होता, दुसऱ्यात तो देवळातला आणि कवितेतला झाला.

पण मला वाटतं, दुसऱ्या जन्मात इंग्रजीने काहीतरी गमावलं आणि ते गमावलंय हेही ती विसरली. १९४६ आणि १९५२ मध्ये बायबलचं जे सुधारित अमेरिकन भाषांतर आलं, त्यात माणसांना सगळीकडे यू केलं आणि देवाशी बोलतानाच तेवढा दाऊ ठेवला. टिंडलने सैतानालाही दिलेला शब्द आता फक्त देवाचा झाला. १९८९ च्या आवृत्तीत तिथूनही काढला. ज्या शब्दाने देव बापासारखा जवळ येत होता, त्याच शब्दाने तो दूर गेल्यासारखा वाटायला लागला, म्हणून काढावा लागला.

तत्त्वज्ञ मार्टिन बुबरच्या पुस्तकाचं असंच झालं. जर्मन नाव 'इश उंड डू', १९२३ चं. डू म्हणजे जर्मन माणूस बायकोला, पोराला, कुत्र्याला आणि देवाला म्हणतो तो तू. १९३७ मध्ये इंग्रजीत ते 'आय अँड दाऊ' या नावाने आलं. १९७० मध्ये वॉल्टर कॉफमनने पुन्हा भाषांतर केलं तेव्हा त्याची तक्रार हीच होती की दाऊ म्हटलं की इंग्रजी वाचकाला देऊळ आठवतं, प्रियकर नाही. त्याने मजकुरात सगळीकडे यू वापरला. पुस्तकाचं नाव तेवढं इतकं रुजलं होतं की बदलता आलं नाही. मराठीत या पुस्तकाचं नाव 'मी आणि तू' असं दोन सेकंदांत होतं.

आणि 'गीतांजली'? "दाऊ हॅस्ट मेड मी एंडलेस, सच इज दाय प्लेझर." १९१२ चं, स्वतः रवींद्रनाथांचं इंग्रजी. मूळ बंगालीत "आमारे तुमि अशेष करेछ". तुमि, आपनि नव्हे. बंगालीत तुइ, तुमि, आपनि अशा तीन पायऱ्या आहेत आणि तुमि मधली, माणसातल्या प्रेमाची. तेव्हाच्या इंग्रज वाचकांना तो दाऊ बायबलसारखा गंभीर वाटला असणार. बंगाली वाचकाला तिथे बासरी ऐकू येते.

---

पिंपळपान

क्वेकर लोकांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, आणि माझ्या मते या शब्दासाठी खरी किंमत मोजली ती त्यांनी.

सतराव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज फॉक्स नावाच्या विणकराच्या मुलाने हा ख्रिस्ती पंथ सुरू केला. त्याचं म्हणणं असं की देवापुढे सगळे सारखे, तर मग एका माणसाला अनेकवचनात बोलावणं ही खुशामत आहे आणि व्याकरणाचं खोटंही. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की देवाने मला कुणापुढेही टोपी काढायला मनाई केली आणि गरीब-श्रीमंत, लहान-थोर न बघता सगळ्यांना दी आणि दाऊ म्हणायला सांगितलं. न्यायाधीशाला दाऊ. जमीनदाराला दाऊ. १६६० मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी या एका मुद्द्यावर अख्खं पुस्तक काढलं, कितीतरी भाषांमधली एकवचन-अनेकवचनं मांडून.

मार खाल्ला त्यांनी यासाठी. टॉमस एलवुड हा कवी मिल्टनचा विद्यार्थी, अंध मिल्टनला वाचून दाखवणारा तरुण. तो क्वेकर झाला आणि घरी बापाला दाऊ म्हणाला. बापाने त्याला मारलं आणि पुन्हा हा शब्द ऐकला तर दात घशात घालीन असं बजावलं. एलवुडने स्वतःच्या आत्मचरित्रात हे लिहिलंय. बापाचा राग मला कळतो, त्याच्या कानाला तो कोकच्या तोंडचा दाऊ वाटला. मुलाच्या मनात मात्र प्रार्थनेतला होता. घरात एकच शब्द दोघांना दोन ऐकू येत होते.

आपल्याकडे वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि पाया पडतात. फॉक्सने सगळ्यांना खाली आणून सारखं केलं, वारकऱ्यांनी सगळ्यांना वर नेऊन. मला दुसरी वाट जास्त गोड वाटते, पण पहिलीला लागणारं धाडस मोठं आहे.

---

शब्दवेध

दोन छोट्या दुरुस्त्या, मुलीला उपयोगी पडतील. जुनं इंग्रजी लिहायचं म्हणून लोक वाटेल तिथे 'एथ' लावतात. 'दाऊ मेकेथ' चूक आहे. दाऊबरोबर 'एस्ट': दाऊ मेकेस्ट. 'मेकेथ' तृतीयपुरुषी, ही मेकेथ. शिवाय दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ विल्ट, दाऊ शॅल्ट. आपल्या 'तू आहेस, तू करतोस'मधल्या स सारखाच द्वितीयपुरुषी स मेकेस्ट आणि हॅस्टमध्ये ऐकू येतो.

आणि दुकानांच्या पाट्यांवर 'यी ओल्ड' असं जे दिसतं, तो यी म्हणजे तुम्ही नव्हे. तो साधा 'द' आहे. थ साठी पूर्वी एक वेगळं अक्षर होतं, ते लिहिताना वायसारखं दिसायला लागलं आणि लोक तसं वाचू लागले.

---

गोंयचो_वाचपी

वर १६११, १६०३, १६०२ अशी सालं वाचत होतो आणि मनात एकच माणूस येत होता. टॉमस स्टीफन्स. विल्टशरचा इंग्रज, जन्म १५४९ च्या सुमाराचा, शेक्सपिअरपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. जेझुइट पाद्री होऊन १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि परत गेला नाही. १६१६ मध्ये राचोलला त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. त्याच साली तिकडे शेक्सपिअर वारला.

म्हणजे हा माणूस दाऊ जिवंत असलेलं इंग्रजी कानात घेऊन आला होता. आईने त्याला दाऊ म्हटलं असणार, लॅटिनमध्ये तो देवाला 'तू' म्हणत होता, आणि इथे आल्यावर त्याला आपला 'तू' भेटला. त्याच्या ग्रंथाची सुरुवात पाहा:

"वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था, परमेश्वरा सत्यवंता, स्वर्गपृथ्वीच्या रचणारा. तूं ऋद्धिसिद्धीचा दातारु, कृपानिधी करुणाकरु, तूं सर्वसुखाचा सागरु, आदि अंतु नातुडे."

आता याच्या शेजारी ज्ञानेश्वरीतलं "देवा तूंचि गणेशु" ठेवा. हा तू त्याने ओवीकडून घेतला की घरून आणला, हे वेगळं काढता येत नाही, कारण दोन्हीकडे तो एकच होता. त्याची "जैसी हरळांमाजि रत्नकिळा" ही मराठीची स्तुती आपण सगळे भाषणांत म्हणतो. मला त्यापेक्षा हा तू जास्त हलवतो. त्याच्या देशात पुढच्या शंभर वर्षांत हा शब्द बहुतेकांच्या तोंडातून गेला. त्याने मराठीत लिहिलेला तू मात्र आजही गोव्यातलं लहान मूल आईला म्हणतं.

---

मुक्ता_वाचते

स्टीफन्सचं हे कधी सुचलंच नव्हतं. धन्यवाद.

ज्यूलिएट राहून गेली. नाचाच्या रात्री पहिली भेट होते, रोमिओ हात धरतो, तेव्हा ती त्याला यू म्हणते: "गुड पिल्ग्रिम, यू डू राँग युअर हँड टू मच." अनोळखी तरुण, रीत सांभाळलेली. थोड्याच वेळाने सज्ज्यात, कुणी ऐकत नाही असं समजून ती बोलते, "व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?" इथे व्हेअरफोर म्हणजे कुठे नव्हे, 'का'. तू रोमिओच का असावास? एकांतात तो तू झालेला आहे. आणि तो खालीच उभा आहे हे कळल्यावर ती लाजते, पण परत यूवर जात नाही. ऐकलंच आहेस तर ऐक, असं.

एक सावधगिरीही सांगते. प्रत्येक दाऊ-यूच्या बदलात गूढ शोधू नये. शेक्सपिअरची पात्रं कधीकधी उगीचही बदलतात, आणि तेव्हाच्या लंडनमध्ये यू हा सुरक्षित शब्द म्हणून पसरतच होता. समोरच्याची पायरी नक्की माहीत नसली की तुम्ही म्हणून टाकणं बरं. शहरात अशी वेळ रोज येते. दाऊ बोलण्यातून जाण्याचं हे एक मोठं कारण मानतात.

---

कातळफूल

काल रात्री हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. सासूबाईही बसल्या होत्या. रॅलेच्या खटल्यावर ती उठून बसली, एलवुडच्या मारावर गप्प झाली. सासूबाईंनी मधेच तुकोबांचं "तू माउलीहून मयाळ" म्हटलं आणि जनाबाईचं "अरे विठ्या" म्हटलं, आणि म्हणाल्या, देवाला अहो म्हटलं तर तो ऐकायला थांबेल का?

तिने वही काढली आणि 'आपली' खोडून 'तुझी' केलं. मग मुक्ताताईंनी सांगितलेला 'हॅम्लेट'चा प्रवेश तिला हवा झाला. घरात जुनी प्रत होती. तिने केलेलं इथे देते.

"हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस."
"आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत."
"पुरे, पुरे. काहीतरी वायफळ उत्तरं देताय तुम्ही."

आईला तुम्ही म्हणायला तिला जड गेलं. ती मला तूच म्हणते, तिच्या पिढीत सगळेच. सासूबाई मात्र त्यांच्या आईला अहो आई म्हणायच्या, त्यांनी तो तुम्ही कसा म्हणायचा ते म्हणून दाखवला.

मग ती एकटीच पुढे वाचत बसली. आज सकाळी वही टेबलावर उघडी होती. त्याच प्रवेशात पुढे, मुलाने सगळं बोलून झाल्यावर, गर्ट्रूडची एक ओळ आहे: "ओ हॅम्लेट, दाऊ हॅस्ट क्लेफ्ट माय हार्ट इन ट्वेन." तिने खाली लिहिलंय,

"हॅम्लेट, तू माझ्या काळजाचे दोन तुकडे केलेस."

आणि समासात, पेन्सिलीने: इथे आई परत तूवर आली. तो मात्र अजून तुम्हीच म्हणतोय.